मुखरूभाऊंचं इंजिन किती ओढतं

खुशाल बी.ए. होऊन नागभीडला आला, तो शाळेत मराठी शिकवायला. साल पंचावन्न. स्टेशनामागे मुखरूभाऊंच्या घरात त्याला एक खोली मिळाली. पहिल्या सकाळी तो तोंड धुवायला मागच्या वाडीत गेला. वांग्यांच्या वाफ्यामागून धूर येत होता. कुणी पाचोळा जाळत असेल, असं त्याला वाटलं. मग तो धूर चालायला लागला.

वांग्यांमधून एक इंजिन बाहेर आलं. उंची गुडघ्याएवढी. धुराडं, चाकं, शिट्टी, सगळं जागच्या जागी. मागे चार चाकांचा एक पाट होता आणि पाटावर दोन्ही बाजूंना पाय सोडून एक चाळिशीचा माणूस बसला होता. खाकी चड्डी, डोक्याला तेलकट फडकं. इंजिन खुशालच्या पायांपाशी येऊन फुसफुसत थांबलं.

“बाजूले व्हा, मास्तर,” तो माणूस म्हणाला. “लायनीवर उभे आहा तुमी.”

खुशालने खाली पाहिलं. तो खरंच रुळांवर उभा होता. तो बाजूला झाला. इंजिन पुढे गेलं आणि सीताफळाला वळसा घालून दिसेनासं झालं. खुशालच्या हातातला तांब्या हातातच राहिला. कॉलेजात त्याने चार वर्षं वाङ्मय वाचलं होतं. अशा वेळी काय बोलायचं ते त्यात कुठे आलं नव्हतं.

हे मुखरूभाऊ, त्याचे घरमालक.

मुखरूभाऊंच्या घरी पिढ्यान् पिढ्या जाळं चालत आलेलं. वडील घोडाझरीच्या तलावावर मासे धरायचे. मासा नुसता तळहातावर झेलून ‘सव्वा शेर’ म्हणायचे, आणि तराजूत तो सव्वा शेरच भरायचा. मुखरूभाऊंच्या हातातही तो गुण उतरला होता. पण हातात मासा असला तरी कान छोट्या लाइनीच्या गाडीच्या शिट्टीकडे. सोळाव्या वर्षी ते रेल्वेच्या इंजिनशेडात खलाशी लागले. इंजिनांच्या पोटात शिरून त्यांनी राख काढली, कोळसा ओढला, फिटरच्या हाताखाली नट आवळले. मनात एकच होतं, ड्रायव्हर व्हायचं. तीनदा परीक्षेला बसले. यंत्राची उत्तरं फाडफाड दिली. तिन्ही वेळा शेवटी डॉक्टरने रंगीत लोकरीच्या गुंड्या पुढे मांडल्या आणि तांबडी उचलायला सांगितली. तिन्ही वेळा मुखरूभाऊंनी हिरवी उचलली. तिसऱ्या वेळी तर चांगला विचार करून उचलली.

ज्याला तांबडं-हिरवं कळत नाही त्याच्या हाती गाडी कशी द्यायची? रेल्वेचं बरोबर होतं. मुखरूभाऊही तसंच म्हणायचे. घरीसुद्धा त्यांना मिरच्या तोडायला मनाई होती. पिकलेल्या सोडून कच्च्या घेऊन यायचे. तेव्हा त्यांनी सिग्नलच नसलेली रेल्वे काढली. स्वतःच्या वाडीत.

सागाच्या पट्ट्या, त्यांच्यावर जुन्या पिंपांच्या लोखंडी कड्या सरळ करून ठोकलेल्या. हे रूळ. दोन रुळांत वीतभर अंतर. लाइन विहिरीपाशी सुरू व्हायची, वांग्यांमधून जायची, सीताफळाला वळसा घालायची आणि मग पंधरा पावलांत कमरेएवढं वर चढून मिरचीच्या पहिल्या वाफ्याच्या कडेने थोडी पुढे जाऊन संपायची. इंजिनाची चाकं शेडातल्या भंगाराची होती. धुराडं म्हणजे कंदिलाचं पोट. आणि बॉयलर म्हणजे रंभाबाईंचा गुंड.

इथे खरी अडचण होती.

रंभाबाई मुखरूभाऊंच्या बायको. बाजारात मासळी विकायच्या. अंगाने भरलेल्या, हाताच्या खंबीर, आणि आवाज असा की गाडी फलाटावर असली तरी त्यांचा भाव डब्यात ऐकू जाई. लग्नात त्यांच्या आईने त्यांना पाणी भरायला तांब्याचा गुंड दिला होता. दोन वर्षांपूर्वी मुखरूभाऊंनी तो आठ दिवसांसाठी मागितला. आठ दिवसांनी गुंडाला नळ्या फुटल्या होत्या. महिन्याने चाकं आली. रंभाबाई तेव्हापासून मातीच्या घागरीने पाणी भरत होत्या, आणि आळीतल्या बायका इंजिनाला ‘रंभेची सवत’ म्हणत होत्या.

एका संध्याकाळी ओसरीवर मुखरूभाऊ खुशालला इंजिनाचं शास्त्र समजावून सांगत होते. रंभाबाई शेजारी बसून मासे खवलत होत्या.

“लोकाले वाटते, मास्तर, इंजन वाफेच्या जोरानं ओढते. जोर त हायेच. पन चाकानं रूळ धरला पाह्यजे ना! नाई त चाक जागच्या जागी गरगर फिरते. इंजन जेवढं जड, तेवढं रुळाले धरते. त्याची चौथाई ओढते. आपलं इंजन साठ शेर. पंधरा शेर ओढते.”

“पंधराच शेर?” खुशालला जरा वाईट वाटलं.

“उचलाले पंधरा शेर! गाडा का उचला लागते? सरकवा लागते. सपाटीवर पंधरा शेराच्या जोरात दहा-बारा मण निंगून जाते.”

रंभाबाईंची विळी थांबली.

“दहा मण?”

“हो.”

“मंग दोन वर्सं झाले, पानी मीच काऊन डोक्यावर आणून राह्यली?”

मुखरूभाऊंनी खुशालकडे पाहिलं. खुशालने माशाकडे पाहिलं.

“अवं, मिरची चढावर हाये,” मुखरूभाऊ म्हणाले. “चढावर हिसाब बदलते.”

“तुमचा हिसाब रोजच बदलते. आता माहा ऐका. शिवरात्रीले म्या मार्कंड्याच्या जत्रेले जाऊन राह्यली. तिथी कासार बसते. मोडीचं तांबं घेते, नवा गुंड देते. हे तुमचं इंजन म्या डोक्यावर घेऊन जाईन.”

“अवं, ते चालतं इंजन हाये!”

“माहा गुंड बी चालता होता. मंग असं करा. मले ओढून दाखवा. विहिरीपासून मिरचीच्या पह्यल्या वाफ्यालोग. मधी थांबलं, नाई त घसरलं, त कासाराले. पोचलं त राह्यलं. मंग जिंदगीत म्या गुंडाचं नाव काढनार नाई.”

आणि त्यांनी पुढचा मासा घेतला.

मुखरूभाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुशालला विहिरीवर बोलावलं. शिवरात्रीला बारा दिवस होते.

“मास्तर, दोन गोष्टी पाह्यजेत,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “एक, इंजन चढावर किती ओढते. दुसरं, तिचं वजन.”

“मग रंभाबाईंना विचारा ना.”

“विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणे, जे विकाचं ते तोलाचं. म्या का विकाले बसली?”

“पण मुखरूभाऊ, तुम्ही तर मासा हातात घेऊन वजन सांगता.”

मुखरूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की खुशालने पुढे काही विचारलं नाही.

पहिली गोष्ट सोपी होती. मुखरूभाऊंनी इंजिनाला दोर बांधला. दोर विहिरीच्या गडगडीवरून खाली सोडला आणि टोकाला बादली अडकवली. बादलीत मोजून दगड. इंजिन विहिरीपासून दूर निघालं की बादली वर यायची. दहा शेर आली. बारा आली. चौदा आली. पंधराव्या शेराला चाकं जागच्या जागी फिरली, आणि बादली विहिरीत राहिली.

“पाह्यलं? चौथाई,” मुखरूभाऊ आनंदाने म्हणाले. जणू हरले नव्हते, जिंकले होते.

इंजिन जड करायला हवं होतं. एटापल्लीकडून आलेल्या एका लाकूडवाल्याने त्यांना कधीतरी सूरजागडच्या डोंगरातले काळे दगड आणून दिले होते. दिसायला मुठीएवढे, उचलायला गेलं की मनगट खाली जाई. लोखंडाचेच ते. मुखरूभाऊंनी वीस शेर दगड चाकांच्या बरोबर वर, तारेने करकचून बांधले. बादली एकोणीस शेर आली. मग त्यांना मोह झाला. आणखी वीस शेर बांधले. आता चाकं अजिबात घसरेनात, पण फिरेनातसुद्धा. इंजिन जागेवर उभं राहून म्हाताऱ्यासारखं खोकत राहिलं.

“हलकं केलं त घसरते, जड केलं त दम लागते,” मुखरूभाऊ म्हणाले आणि वरचे वीस शेर काढून टाकले.

मग चढ. चढावर ओढायला माणूसच हवा होता, आणि त्याचं वजन पक्कं ठाऊक असायला हवं होतं. मुखरूभाऊ खुशालला स्टेशनावर घेऊन गेले. पार्सलच्या काट्यावर त्याला उभं केलं.

“माल काय?” पार्सलबाबू पत्रूने चष्म्यातून विचारलं.

“मास्तर.”

“कुठी पाठवाचा?”

“मिरचीत.”

काटा एक मण अठरा शेरांवर थांबला. पत्रूबाबूने सवयीने खडू घेऊन वजन मालावर लिहिलं. खुशालला कळलं नाही. तो तसाच शाळेत गेला आणि दिवसभर फळ्याकडे तोंड करून कविता लिहून देत राहिला. वर्ग एवढा लक्ष देऊन फळ्याकडे कधीच पाहत नव्हता. संध्याकाळी कोट काढला तेव्हा पाठीवर ‘१–१८’ होतं.

पुढचे पाच दिवस सकाळी शाळेआधी तो पाटावर बसून मिरचीपर्यंत जाऊ लागला. पहिल्या दिवशी एकटा. दुसऱ्या दिवशी मांडीवर पाच शेर धान. मग दहा. मग पंधरा. पंधरा शेरांना इंजिन चढाच्या शेवटच्या तीन पावलांत इतकं हळू झालं की खुशालला उतरून त्याचा हात धरावासा वाटला. पण ते पोचलं. सोळाव्या शेराला घसरलं.

“एक मण तेहतीस शेर,” मुखरूभाऊंनी जमिनीवर काडीने लिहिलं. “एवढ्यात ती बसली पाह्यजे.”

आता उरली दुसरी गोष्ट.

युक्ती मुखरूभाऊंचीच. रंभाबाई रोज पहाटे वांग्यांना पाणी सोडायच्या. ओल्या वाफ्यात त्यांची पावलं उमटायची. मुखरूभाऊंनी काडी बुडवून एका पावलाची खोली मोजली. मग खुशालला चपला काढायला लावल्या आणि शेजारून चालवलं. त्याचं पाऊल उथळ उमटलं. मग धानाचं पोतं खांद्यावर देऊन पुन्हा चालवलं.

“मुखरूभाऊ, माझं पाऊल लांब आहे. त्यांचं रुंद आहे. हा हिशेब बरोबर नाही.”

“तुमी मराठीचे मास्तर. चाला.”

बारा शेरांच्या पोत्याला दोन्ही पावलांची खोली सारखी आली. एक मण तीस शेर. तीन शेर शिल्लक! मुखरूभाऊ चिखलात गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी काडीला कपाळ लावलं.

“काय चालू हाये?”

रंभाबाई पाठीमागे उभ्या होत्या. एक माणूस त्यांच्या पावलापुढे हात जोडून बसलेला, दुसरा पोतं खांद्यावर घेऊन अनवाणी चिखलात.

“काई नाई,” मुखरूभाऊ म्हणाले. “मास्तरले कसरत पाह्यजे होती.”

रंभाबाईंनी खुशालला नीट न्याहाळलं.

“कसरत नोको करू बापा,” त्या म्हणाल्या. “दोन घास जास्त खाय.”

त्या दिवसापासून खुशालच्या ताटात मासा एक तुकडा जास्त पडू लागला. मुखरूभाऊंना याची काळजी वाटली. एवढ्या मेहनतीने पक्कं केलेलं माप बिघडत होतं.

जत्रेला निघायचा दिवस आला. सकाळच्या गाडीने मूलपर्यंत, पुढे बैलबंडीने मार्कंड्याला. गाडी नऊची. शेजारच्या इंदुताईही बरोबर जाणार होत्या. सात वाजता त्या आपलं गाठोडं घेऊन वाडीत आल्या. त्यांच्या मागून सगळी आळी आली. मुखरूभाऊंनी पहाटेच धावड्याच्या लाकडाचा कोळसा पेटवला होता. वाफ भरली होती. सेफ्टीच्या झडपेवरचा दगड उडायला लागला होता.

रंभाबाई आल्या. हिरवं लुगडं, हातात चांदीच्या पाटल्या, गळ्यात चांदीची सरी, पायांत वाळे, दंडाला वाक्या. काखेत जत्रेचं गाठोडं, त्यात तीन दिवसांचे तांदूळ.

मुखरूभाऊंचा चेहरा उतरला. खुशालही मनातल्या मनात बेरीज करू लागला. तीन शेरांची शिल्लक वाळ्यांतच संपली होती.

“अवं, हे सारं इथी ठेव. पोचल्यावर घाल.”

“अन् जत्रेले का भुंडी जाऊ?”

“तांदूळ तरी ठेव!”

“तुमचं इंजन दहा मण ओढते ना? दोन पायल्या तांदळाले काऊन भेते?”

आळी हसली. रंभाबाई पाटावर बसल्या. पाट कुरकुरला. त्यांनी पाय दोन्ही बाजूंना सोडले, गाठोडं मांडीवर घेतलं, पदर खोचला. मुखरूभाऊ इंजिनाशेजारी वाकून चालणार होते. पाटावर आता त्यांना जागा नव्हती. त्यांनी शिट्टी दिली आणि वाफ सोडली.

इंजिन निघालं. वांग्यांमधून अगदी ऐटीत गेलं. रंभाबाईंचं तोंड गंभीर होतं, मिरवणुकीतल्या देवासारखं. सीताफळाचा वळसा झाला. चढ लागला.

चढाच्या दुसऱ्याच पावलाला चाकं फिरली. फक-फक-फक-फक असा आवाज झाला, धूर उसळला, आणि इंजिन जागच्या जागी राहिलं. मुखरूभाऊंनी वाफ कमी केली. रुळावर रेती टाकली. रेती चिकटून नुसता चिखल झाला. पुन्हा वाफ सोडली. चाकं गरगर फिरली, आणि पाट, रंभाबाई, गाठोडं, इंजिन, सगळं हळूच मागे घसरून चढाच्या पायथ्याशी आलं.

मुखरूभाऊंनी वाफ बंद केली. पान्यासाठी त्यांचा हात खिशात गेला. हरले म्हणजे इंजिन पाटापासून सोडवून रंभाबाईंना द्यायला हवं, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. ते इंजिनापाशी बसले आणि सवयीने एका चाकावरून बोट फिरवलं. बोट त्यांनी नाकाशी नेलं. मग रुळावरून फिरवलं. पुन्हा नाकाशी नेलं.

“तेल?” ते म्हणाले.

खुशालनेही रुळाला हात लावला. मोहाच्या बियांचं तेल. थंडीने ते तुपासारखं थिजलं होतं. त्यात हळद होती.

“हे कोनं केलं?”

“म्या,” रंभाबाई म्हणाल्या. “पहाटे.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? नवी बंडी आनली तरी मानूस बसाच्या आधी चाकाले तेल-हळद लावतेत का नाई? आज पह्यल्यांदा बाईमानूस बसून राह्यलं. कोरीच ठेवू? लोक काय म्हणतीन?”

“चाकाले लावलं ते समजलो. रुळाले काऊन?”

“बंडीले रस्त्याभर तेल लावता येत नाई म्हणून लावत नाई. इथी रस्ता बोटभर हाये. लावलं.” त्या जरा थांबल्या. “चढावर जास्त लावलं. सोपं जाईन म्हणून.”

मुखरूभाऊंनी कपाळावर हात मारला. खुशाल त्या हळदीच्या बोटांकडे पाहत राहिला. इंजिन मोडीत काढायला निघालेली बाई पहाटे उठून त्याला नवरदेवासारखी हळद लावून गेली होती. आळीतल्या बायकांना मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. तेल-हळद लावायचीच असते.

“घसरलं त घसरलं,” इंदुताई म्हणाल्या. “सबद म्हणजे सबद. मुखरूभाऊ, काढा आता इंजन. गाडी चुकन.”

रंभाबाई पाटावरून उठल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

“इंदू, बाजारात तागडी ओली असली त म्या काय करते?”

“पुसून पुन्यांदा तोलता.”

“मंग? तागडी माह्यानं ओली झाली. पुन्यांदा तोला.”

आणि त्या उठल्या. गाठोडं खुशालच्या हातात दिलं. चुलीतली राख मागवली. चिंच मागवली. लुगडं वर खोचून त्या चढाच्या पायथ्याशी बसल्या आणि त्यांनी रूळ घासायला घेतले, जसा गुंड घासायच्या. इंदुताईंना आधी हसू आलं. मग त्या दुसऱ्या रुळाला बसल्या. मग आणखी चार बायका बसल्या. पंधरा पावलांची चढण, दोन्ही बाजूंनी. राखेने तेल सोडलं, चिंचेने गंज सोडला. वर कोरडं फडकं फिरलं. पिंपाच्या त्या कड्या जन्मात एवढ्या लखलखल्या नव्हत्या. मुखरूभाऊंनी चाकं पुसून घेतली.

पावणेनऊ वाजले होते. रंभाबाई गाठोडं मांडीवर घेऊन पुन्हा बसल्या. पाट पुन्हा कुरकुरला.

या वेळी शिट्टी झाली नाही. मुखरूभाऊंनी वाफ एवढीशी सोडली. इंजिनाने चढाला तोंड लावलं. एक धाप. दुसरी धाप. चाकं घसरली नाहीत. गंज गेलेल्या रुळाला धरून राहिली. खुशाल शेजारून उलटा चालत होता आणि त्याच्याही नकळत प्रत्येक धापेला स्वतः श्वास घेत होता. पाच पावलं झाली. दहा झाली. शेवटच्या तीन पावलांत इंजिन इतकं हळू झालं की एका मुंगळ्याने त्याला मागे टाकलं.

“ओढ बाई, ओढ,” रंभाबाई पुटपुटल्या. मग कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

पाटाचं पुढचं टोक मिरचीच्या पहिल्या झाडाला लागलं. मग मागचं टोक त्याच्या पुढे गेलं.

आळीने आरडाओरड केली. मुखरूभाऊंना काय करावं सुचेना. त्यांनी शिट्टीची साखळी धरली आणि सोडलीच नाही. शिट्टी वाजत राहिली. स्टेशनावर नऊची गाडी आली समजून हमाल उठून उभे राहिले. चोवीस वर्षं शेडात काढलेला माणूस साखळीला लोंबकळून रडत होता, हसत होता, आणि शिट्टी वाजवत होता.

एवढ्याशा बॉयलरमध्ये वाफ ती किती! ती सगळी शिट्टीतून गेली.

शिट्टी बारीक होत होत थांबली. मग पाट मागे सरकला.

“मुखरूभाऊ,” खुशाल म्हणाला. “ब्रेक लावा.”

मुखरूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. ओढायचं कसं, याचा त्यांनी दोन वर्षं विचार केला होता. थांबवायचं कसं, हे डोक्यातच आलं नव्हतं; आजवर वाफच इंजिनाला धरून ठेवत आली होती.

रंभाबाई उलट्या खाली निघाल्या. मागोमाग इंजिन, त्यावर सूरजागडचे वीस शेर दगड. लखलखीत रुळांवरून पाट सुसाट उतरला. सीताफळाचा वळसा त्यांनी एका बाजूला कलून घेतला. “बाजूले व्हा! बाजूले!” असा बाजारातला आवाज वाडीभर घुमला आणि सगळी आळी वांग्यांत पडली. पुढे विहीर होती. रंभाबाईंनी मान वळवून ती पाहिली. मग दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या.

धूळ उडाली. वांगी उडाली. दोन नांगरल्यासारखे चर पडत गेले. विहिरीच्या काठापासून हातभर अंतरावर पाट थांबला. पाठीमागून इंजिन येऊन हळूच टेकलं.

धूळ खाली बसली. रंभाबाई तशाच बसून होत्या. वाळे ढोपरापर्यंत वर गेले होते.

“लागलं का?” मुखरूभाऊ धावत आले.

“पोचलं होतं,” रंभाबाई म्हणाल्या. “म्या पाह्यलं. मिरची पाठीले लागली. राह्यलं तुमचं इंजन.”

मग त्यांनी एक पाय उचलून टाच पाहिली. सालटं निघालं होतं. त्यांनी तोंडातून ‘स्स’ केलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की पाट हलायला लागला, आणि मुखरूभाऊंनी घाईघाईने त्याच्या चाकाखाली वांगं घातलं.

नऊची गाडी मात्र त्यांनी पकडली. लंगडत, इंदुताईंच्या खांद्यावर हात टाकून.

चार दिवसांनी त्या मार्कंड्याहून परत आल्या. खुशाल आणि मुखरूभाऊ ओसरीवर बसून ब्रेकचा विचार करत होते. कागदावर तीन चित्रं काढून झाली होती. तिन्ही मुखरूभाऊंना पसंत नव्हती. रंभाबाईंनी गाठोडं सोडलं. प्रसाद काढला. इंदुताईंनी आणलेला नवा गुंड शेजारच्या अंगणात उन्हात चमकत होता. त्याच्याकडे रंभाबाईंनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग गाठोड्याच्या तळातून त्यांनी चपला काढल्या. तळ मोटारीच्या टायरचा, दोन बोटं जाड.

“रंभाबाई, एवढ्या जाड कशाला?” खुशालने विचारलं.

त्यांनी चपला पायांत घातल्या, जमिनीवर दोनदा घासून पाहिल्या आणि थेट वाडीत गेल्या. पाटावर बसल्या. दोन रिकाम्या घागरी मांडीवर घेतल्या.

“चला,” त्यांनी हाक मारली. “मिरच्या सुकून राह्यल्या. अन् शिट्टी जरा बेतानं वाजवा.”